पांढरफुली

कुरणात याइनाची टोपली सगळ्यांच्या आधी भरते, हे तळ्याकाठच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. एखादीला नसलंच ठाऊक, तर याइना स्वतः सांगायची. तिची खणायची काठी सासूकडून आलेली. टोक निखाऱ्यावर भाजून कडक केलेलं, वर हरणाच्या शिंगाची आडवी मूठ. ती मूठ तळहाताला अशी बसली होती, की काठी खाली ठेवली तरी याइनाची बोटं अर्धी मिटलेलीच राहायची.

त्या साली निळफुलीचा बहर लवकर ओसरला. ऊन तापलं, ओल आटली, फुलं देठावरच सुकून गळाली. निळफुलीचे कांदे खणायचे ते फूल डोक्यावर असताना. कारण त्याच कुरणात, त्याच ओलीत पांढरफुली उगवते. पान तसंच, कांदा तसाच, कांद्याचा पापुद्राही तसाच. एकीच्या मुळाशी हिवाळ्याचं अन्न आणि दुसरीच्या मुळाशी मरण. फूल गळलं की मग वाळलेल्या बोंडाकडे बघून ओळखावं लागतं. त्याला डोळा लागतो.

आणि डोळा तर याइनाचा जात चालला होता. घरातल्या धुरानं म्हणा, वयानं म्हणा, समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा दिसायचा. चालीवरून, खोकल्यावरून ती माणूस ओळखायची आणि त्याच्या आधी नाव घेऊन हाक मारायची, म्हणजे कुणाला शंका नको. दुसऱ्या बायांनी बहर संपला तसं खणणं थांबवलं. याइना थांबली नाही. थांबायचं कारण सांगावं लागलं असतं.

त्या दुपारी ती टोपली सावलीला ठेवून पाणी प्यायला गेली. परत आली तर टोपलीपाशी कुणीतरी वाकलं होतं. शिंपल्यांच्या माळा वाजल्या त्यावरून तिनं ओळखलं. सून, मेहिया. ही उत्तरेच्या मोठ्या तळ्याकडची. तिकडच्या बाया होड्यांत बसून कमळाच्या बिया गोळा करतात, जमीन खणायला फारशा वाकत नाहीत. दोन हिवाळे लेक तिच्या आईच्या घरी राहिला, मग रिवाजाप्रमाणे तिला घेऊन इकडे आला. याइना तिला नावानं हाक मारायची नाही. कमळबी म्हणायची.

"काय करतीयास गं, कमळबी?"

"काय न्हाई, आत्याबाई. माती झटकतीया."

याइना खाली बसली. हातानं चाचपलं. टोपलीत एक रास होती आणि गवतावर वेगळी काढलेली एक लहान ढिगुली होती. हिची ही माती झटकणी आजची नसावी. रोज संध्याकाळी टोपली थोडी हलकी कशी लागते, हे याइनाला आता कळलं.

"माती झटकाया ढीग दोन लागत्यात व्हय?"

मेहियानं ढिगुली मागे सरकवली.

"अगं बायांनो, इकडं या," याइनानं हाक दिली. "बघा. कमळाच्या बिया फोडणाऱ्यांची पोर मला कांदं वळखाया शिकवतीया. माझ्या टोपलीतलं निवडून टाकतीया."

बाया आल्या. उन्हानं, वाकून वाकून आंबलेल्या बायांना हसायला काही तरी हवंच असतं. याइनाची धाकटी जाऊ नानिला सगळ्यांत मोठ्यानं हसली. "जाऊबाई, सून हाय का बगळा? चोच घालून घालून बघती ती."

"आत्याबाई," मेहिया खालच्या आवाजात म्हणाली, "त्यातलं बोंड बघा की एकदा. मला वाटलं..."

"तुला वाटलं. तू जलमायच्या आदी मी हे कुरण खणलंय. तुझ्या नवऱ्याला पाठीला बांधून खणलंय." याइनानं गवतावरची ढिगुली ओंजळीत घेतली. सगळ्यांना दिसेल अशी हात वर करून घेतली, आणि आपल्या टोपलीत परत टाकली. वरून टोपली हलवली, म्हणजे कांदे खालपर्यंत मिसळले. "आजपास्नं माझ्या टोपलीला हात लावायचा न्हाई. घरच्या पोत्यालाबी न्हाई. कळलं?"

"व्हय."

"मोठ्यानं."

"व्हय, आत्याबाई."

मेहियानं आपली काठी उचलली आणि कुरणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एकटी खणत बसली.

कांदे खड्ड्यात तापलेल्या दगडांवर, गवताच्या थरांत भाजले. भाजून निघाले ते उन्हात सुकवून लव्हाळ्याच्या पोत्यांत भरले. याइनानं आपल्या हातानं भरले. बहरातल्या कांद्यांची पोती तिनं घराच्या कोपऱ्यात ठेवली. शेवटच्या दिवसांतलं एक पोतं घरामागच्या साठवणीच्या खड्ड्यात, मासे आणि मुळं जमिनीत पुरून ठेवतात तिथं, वर दगड ठेवून झाकलं.

हिवाळा आला तो जायचं नाव घेईना. तळ्याच्या कडेचा बर्फ वितळायचा आणि पुन्हा धरायचा. नदीला मासे चढायला अजून अवकाश होता. जमिनीत अर्ध्या खणलेल्या घरांच्या मातीच्या छपरांवर बर्फ साचून राहिला, आणि वरच्या भोकातून शिडीनं खाली उतरणारा प्रत्येक माणूस थंडीचा एक लोट सोबत घेऊन उतरायचा.

असाच एक लोट आला आणि पाठोपाठ नानिला उतरली. शिडीच्या शेवटच्या पायरीवर थांबून तिनं उगाच पाय झटकले. मागायला आलेला माणूस आधी पाय झटकतो.

"ये, नानिला," याइना चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली.

"लई गार हाय."

"हिवाळा हाय. गारच असणार. भाऊजी कसं हायत?"

"बरं हायत. यौकल दोन दिस झाले हरणामागं गेलाय. मिळंल काय तरी." यौकल तिचा लेक. ती बसली. मेहियानं तिच्यापुढे गरम पाणी ठेवलं. बराच वेळ दोघी बर्फाबद्दल बोलल्या. मग नानिला म्हणाली, "जाऊबाई, आमची पोती झाली."

याइनाला ठाऊक होतं. धाकट्या दिराच्या घरात पोती लवकर होतात, दर साली होतात. दीर, पुम, मोठा खादाड आणि मोठा हसरा. आलेल्या गेलेल्याला बसवून खाऊ घालायचा आणि मग वहिनीच्या घराकडे बघायचा.

"भाऊजींचं पोट म्हणजे तळ्याचं तोंड," याइना म्हणाली. "भरल्यावर आमच्याकडं वळतंया."

नानिलानं मान खाली घातली. दिलं तर ते ऐकून घ्यावं लागतं, हे तिलाही ठाऊक होतं.

याइनाचा हात कोपऱ्यातल्या पोत्यांकडे गेला, पण तिथं थांबला नाही. बहरातले कांदे गोड असतात. ते आपल्या घराला ठेवावेत. "चल," ती म्हणाली, "मागच्या खड्ड्यातलं देते."

मेहिया उठून उभी राहिली. "आत्याबाई, मी काढू? जरा बघून, निवडून..."

याइनानं नुसतं तोंड तिच्याकडे वळवलं. मेहिया बसली.

बर्फ बाजूला करून, दगड सरकवून याइनानं पोत्यातले निम्मे कांदे नानिलाच्या टोपलीत ओतले. वर चार वाळके मासेही टाकले. "गोड मानून खा म्हणावं," ती म्हणाली. "नदी चढंपर्यंत पुरवा. रोज रोज शिडी उतरू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी यौकल धावत आला. शिडी उतरलाही नाही, वरच्या भोकातूनच ओरडला, "मोठीआई, बा पडलाय."

पुम घराच्या मधोमध लोळत होता. तोंडातून लाळ गळत होती, ओठ बधिर झालेत म्हणून तो सारखे चोळत होता. मोठा दांडगा माणूस, पण हात उचलायचं बळ नव्हतं. नानिलाही एका कडेला टोपलीत तोंड घालून ओकत होती. यौकल शिकारीवरून नुकताच रिकाम्या हातानं आलेला, त्यानं अजून काही खाल्लं नव्हतं.

"वहिनी," पुम म्हणाला, "पोटात आग पडलीया."

वेकवेकला बोलावलं. वेकवेक म्हणजे देवऋषीण, तळ्याच्या पलीकडे एकटी राहायची. सुकलेली, लांब मानेची, आणि तोंडाची इतकी फटकळ की तिच्या आत्म्यांनाही ती शिव्या देते असं लोक म्हणायचे. गेल्या पानगळीत तिच्या हाताखाली एक बाई गेली होती. आणखी एक गेला तर लोक विचारणार, हे तिलाही ठाऊक होतं. तरी ती आली. तिनं गाणं धरलं, बाकीच्यांनी मागून म्हटलं. पुमच्या पोटाला तोंड लावून तिनं चोखलं, थुंकली, थुंकलेलं तळहातावर घेऊन चुलीच्या उजेडात बघितलं. पुन्हा चोखलं. मग गाणं मधेच थांबवलं.

"ह्यात कुणी धाडलेली करणी न्हाई," ती म्हणाली. "ह्यानं खाल्लंय काय?"



"माझ्या हातचं खाल्लंय," याइना म्हणाली. "काय म्हणायचंय तुला?"

"मी विचारलं, काय खाल्लंय."

"आणि मी सांगितलं. माझं कांदं खाल्ल्यात, ज्यावर माझं घर जगतंया. तुझ्याच्यानं निघत न्हाई तर निघत न्हाई म्हण. माझ्या टोपलीवर नको ढकलू."

वेकवेकनं तिच्याकडे पाहिलं. याइनाला तो चेहरा दिसला नाही. दिसला असता तर बरं झालं असतं का, कोण जाणे. म्हातारीनं पुन्हा गाणं धरलं, पण त्यात जोर नव्हता. याइनाच्या शब्दावर शब्द टाकेल असं तळ्याकाठी कुणी नव्हतं.

उजाडायच्या सुमाराला नानिलाचं ओकणं थांबलं. तिचा नवरा गेला.

त्यानंतर त्याचं नाव कुणी घेतलं नाही. गेलेल्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर तो वळून बघतो.

जळक्या दगडांच्या माळावर लाकडं रचली. त्याचं धनुष्य, त्याच्या होडीची वल्ही, ससाकातड्यांचं पांघरूण, सगळं त्याच्यासोबत ठेवलं. नानिलाचे केस कापले, डोक्याला राळ आणि राख फासली. ती राळ आता केस वाढून गळेपर्यंत राहणार. ज्वाळा वर चढल्या तेव्हा नानिला याइनाच्या खांद्याला टेकून रडत रडत हसल्यासारखी बोलली.

"कडू लागतंया म्हनलं होतं त्यांनी. मी म्हनलं, वहिनीच्या हातचं हाय, जरा कडू लागणारच. तर लई हसलं. आणि सगळं खाल्लं. माझ्या वाटचंबी निम्मं खाल्लं."

याइनाचा हात नानिलाच्या पाठीवर होता. तो तिथंच राहिला. काढून घेतला तर नानिला विचारेल, म्हणून राहिला. निळफुलीचा भाजलेला कांदा कडू लागत नाही. शेवटच्या दिवसांतला, करपलेला, सुकून दगड झालेला असला तरी गोडच लागतो. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. भुकेला माणूसच तेवढा विसरतो.

आगीच्या पलीकडे यौकल आणि याइनाचा लेक कोल्टा बोलत होते. दोघे चुलतभाऊ, एका अंगणात वाढलेले.

"दुसरा हाय हा तिच्या हाताखाली," यौकल म्हणाला. "गाणं मधीच सोडलं तिनं. बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

"सोडून दिलं म्हंजी काय? मारायचंच होतं तिला. बा तिला हसायचा, म्हणून."

"आंघोळी होऊ देत. घामाच्या घरात वाफेला बसून शुद्ध व्हायला लागंल. मग जाऊ," कोल्टा म्हणाला.

देवऋषीणीच्या हाताखाली माणसं मेली तर तिला मारायचं, हा रिवाज. कुणी नाही म्हटलं नाही. याइनाही बोलली नाही. तोंड उघडलं, तर धुराचा लोट आला आणि तिला खोकला आला, आणि मग सगळे पांगले.

ते शुद्ध होत होते तेवढे दिवस याइना जेवली नाही. दुखवट्याला जेवत नसेल असं घरच्यांना वाटलं. शेवटी एका सकाळी, कोल्टा बाहेर घामाच्या घरापाशी लाकडं फोडत असताना, ती मागच्या खड्ड्यातलं उरलेलं पोतं घेऊन शिडी उतरली. पोतं छपराच्या भोकाखाली, जिथं उजेडाचा चौकोन पडतो तिथं ठेवलं.

"मेहिया."

सुनेनं वर बघितलं. या घरात आल्यापासून आत्याबाईंनी तिला नावानं हाक मारलेली तिला आठवत नव्हती.

"हे निवड."

मेहिया हलली नाही. "मला हात लावायचा न्हाई."

"मी सांगतीया, लाव."

मेहियानं पोतं चटईवर ओतलं. उजेडात एकेक कांदा उचलून बघू लागली. याइनाला नुसता आवाज ऐकू येत होता, टक, टक. बराच वेळ सगळे एकाच बाजूला पडत होते. मग एक दुसऱ्या बाजूला पडला. मग थोड्या वेळानं आणखी एक.

"कशावरून?"

"भाजल्यावर आपला कांदा काळा पडतोया, आत्याबाई. पार आतपर्यंत. हे पांढरंच ऱ्हायल्यात." तिनं एक उचलून सासूच्या डोळ्यांजवळ धरला. अगदी जवळ, नाकाला लागेल इतका. याइनाला उजेड दिसला आणि उजेडात काहीतरी गोल दिसलं.

तेव्हा मेहियाला ठाऊक आहे हे तिला कळलं. डोळ्यांचं. कधीपासून, देव जाणे. दिसणाऱ्या माणसाच्या नाकाला कुणी कांदा लावत नाही.

"तू बोलली का न्हाईस गं? जाऊ आली तवा?"

"बोलले."

हो, बोलली होती. मी काढू का, निवडून देऊ का. याइनानं तोंड वळवलं होतं आणि ती बसली होती.

"कुरणातबी बोलले," मेहिया म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो लागला. "तुम्ही ओंजळीनं परत टाकलं. मला वाटलं, घरात आल्यावर चोरून काढीन. मग पोतं तुम्ही खड्ड्यात पुरलं. घरातली पोती मी निवडली होती, म्हणून आपल्याला काय झालं न्हाई." ती थांबली. "मी कुणाला सांगायची न्हाई, आत्याबाई. ह्यांनाबी न्हाई. हे चुलीत टाकते."

याइनानं तिचा हात धरला. सुनेचा हात तिनं पहिल्यांदाच धरला असेल. कांदे तळव्यांच्या मधे दाबले गेले.

ही गोष्ट गिळून बसता आली असती. वेकवेकवर कुणाचा जीव नव्हता. यौकलचं मन शांत झालं असतं, नानिलाला बोट दाखवायला एक जागा मिळाली असती, आणि याइना पुन्हा बहराच्या वेळी कुरणात सगळ्यांच्या पुढे चालली असती. सुनेनं चोरून टोपली निवडली असती. सगळं चाललं असतं. फक्त दर वेळी टोपलीतून काही वेगळं काढताना आवाज आला असता, टक, आणि तो याइनालाच ऐकू आला असता.

"पोरं कधी निघणार?"

"घामाचं घर झालं की. आजच."

"माझं पांघरूण दे."

तळ्याच्या कडेनं वेकवेकच्या घराकडे वाट जाते ती लव्हाळ्यांतून आणि मग जळक्या दगडांतून. त्या दगडांना धार असते, पायातलं गवताचं पायताण एका दिवसात चिरतं. याइना काठीनं चाचपत गेली. तिची खणायची काठी आयुष्यात पहिल्यांदाच आंधळ्याची काठी झाली होती. एकदा घसरली, गुडघा फुटला. रक्त गरम लागलं तेव्हा तिला बरंच वाटलं.

वेकवेक छपरावरच बसली होती, शिडीच्या भोकापाशी, उन्हात.

"आलीस," म्हातारी म्हणाली. "मला वाटलं पोरं आधी येतील. रडाया आलीस का बघाया?"

"सरक. मला बसू दे."

"माझ्या छपरावर?"

"तुझ्या दारात माझं पोरगं येणार हाय. मला इथं बसू दे."

वेकवेक सरकली. दोघी म्हाताऱ्या मातीच्या छपरावर शेजारी शेजारी बसल्या. याइनानं फडक्यातले पांढरे कांदे तिच्या मांडीवर ठेवले. वेकवेकनं बोटात धरून बघितले.

"माझ्या आत्म्यांनी मला सांगितलं होतं," ती म्हणाली. "आणि तू मला गप्प केलंस."

"व्हय."

"तुझ्यापुढं कुणाचं काय चालत न्हाई, ही सवय लागली तुला. आता बघ."

"बघते. बघाया जेवढं उरलंय तेवढं बघते."

वेकवेक खोल हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

पावलं आली. लव्हाळी मोडत, मग दगडांवर. याइना कान देऊन बसली. पायताणाखाली दगड खडखडला तेव्हा तिनं पाऊल ओळखलं.

"यौकल, थांब तिथं."

"मोठीआई? तू हितं काय करतीयास? बाजूला हो."

"ती न्हाई. मी मारलं."

"काय?"

"तुझ्या बाला. कांद्यात पांढरफुली होती. माझ्या टोपलीतली. सुनेनं निवडून काढली होती, मी परत घातली. सगळ्या बायांसमोर घातली, विचार. ही बया विचारत होती काय खाल्लं म्हणून, तिलाबी मीच गप्प केलं. नेम धरायचा तर हिकडं धर."



"तू तिला वाचवाया बोलतीयास," यौकल म्हणाला. त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. "तू चुकायची न्हाईस. तुझा डोळा सगळ्या तळ्यावर चांगला. तूच आम्हाला शिकवलंस, कुठलं पान, कुठलं बोंड. तू कशी चुकशील?"

"माझा डोळा गेला, बाबा. दोन हिवाळं झालं."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? तुझ्या पावलावरनं तुला वळखलं." आणि मग, त्याचं मन जरा निवावं म्हणून, एक चांगला शब्द म्हणून ती म्हणाली, "एकटा आलास ते बरं केलंस. माझा कोल्टा आला असता, तर त्याच्या तोंडावर हे बोलाया माझी जीभ उचलली नसती. त्याला तू सांग. हळूच सांग."



वेकवेकनं श्वास आत ओढल्याचं याइनाला ऐकू आलं. यौकलनं मान वळवली असावी, त्याच्या भात्यातले बाण खडखडले.

आणि छपराच्या कडेला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तिच्या समोर उभा असलेला कोल्टा म्हणाला, "आई."

याइनानं आवाजाच्या दिशेला तोंड केलं. तिथं आकाशाचा एक तुकडा जरा काळा होता. इतका वेळ तिला तो दगड वाटला होता. दगडांवर त्याची पावलं यौकलच्या पावलांत मिसळली होती, छपराच्या मातीवर वाजलीच नव्हती.

यौकलनं धनुष्य खाली केलं. खाली केलं ते त्याला समजल्यामुळे नव्हे. हातातलं बळच गेल्यामुळे केलं. मग तो वळला आणि आल्या वाटेनं चालू लागला. थोडं गेल्यावर न बघता बोलला. "तुमच्या घरचं आता आमच्या घरात यायचं न्हाई. कांदं न्हाई, मासं न्हाई. पाणीसुदिक न्हाई."

"बरं," याइना म्हणाली.

कोल्टानं तिला दगडांतून परत आणलं. पाठीवर घेतो म्हणाला, ती नको म्हणाली.  वाटेत तो एकदाच बोलला, "इथं पायरी हाय," आणि ती पायरी उतरली.

मासे चढले. हिवाळी घरांची छपरं उतरवली, चटया बाहेर काढल्या, लोक नदीकाठी गेले. मग मुळं खणायच्या जागी, मग कुरणात. निळफुलीला त्या साली असा बहर आला होता, की दुरून तळंच पसरलंय असं वाटायचं, असं पोरं म्हणत होती. याइनाला निळं निळं काहीतरी दिसायचं.

ती पुढे चालली नाही. बायांच्या मागून आली, कडेच्या पट्ट्यात बसली, जिथं मेहिया खणत होती. पुढच्या रांगेत नानिला होती. केस जरा वाढले होते, पण राळेचे थर अजून डोक्यावर होते, उन्हात मऊ होऊन त्यांचा वास यायचा. ती याइनाशी बोलत नव्हती. वाईटही बोलत नव्हती, तेच अवघड होतं. पूर्वीची नानिला मोठ्यानं हसायची. आता कुरणात कुणीच मोठ्यानं हसत नव्हतं.

दुपारी सगळ्या टोपल्या सावलीला आल्या. याइनानं आपली टोपली उचलली, चटईवर ओतली. अर्धीच भरली होती. मग हात मांडीवर ठेवून बसली. तिची बोटं अर्धी मिटलेली.

मेहिया देठावरचं फूल बघून निवडू लागली. टक, टक, टक. बाया आपापल्या कामात होत्या, पण त्यांचे हात जरा मंदावले होते हे याइनाला ऐकू येत होतं. मग एक कांदा दुसरीकडे, गवतात पडला. गवतात पडलेल्या कांद्याचा आवाज वेगळा असतो. जवळजवळ होतच नाही.

"किती निघालं?" याइनानं विचारलं.

"एकबी न्हाई, आत्याबाई," मेहिया म्हणाली.

पोर चांगली होती. सासूला सगळ्यांसमोर सांभाळून घ्यायला बघत होती.

"खोटं बोलू नको," याइना म्हणाली. "नानिलाला ऐकू जाईल असं सांग."

 पुढच्या रांगेत नानिलाचे हात थांबले.

"सांग."

"एक," मेहिया मोठ्यानं म्हणाली.

बायांचे हात पुन्हा चालू झाले. नानिलाचेही झाले, जरा उशिरानं. याइनानं हात पुढे केला. मेहियानं गवतातला कांदा शोधून तिच्या उजव्या तळव्यावर ठेवला. याइनानं राशीतला एक चांगला कांदा घेऊन डाव्या तळव्यावर ठेवला. दोन्ही मुठी मिटल्या, बोटांनी पापुद्रा चोळला, मुळाचं टोक चाचपलं, वजन तोललं. पुन्हा पुन्हा चाचपलं.

दोन्ही सारखेच लागले.